लॉनचे व्हॉल्व्ह कुठे बसवायचे? खणण्याआधी तासभर कागदावर

घरच्या बागेच्या पाण्यावरची आपली मालिका आता पाईप आणि फवाऱ्यांवरून व्हॉल्व्हपर्यंत आली आहे. व्हिडिओत मी फळ्यावर नकाशा काढून बोललो होतो. इथे फळा नाही, म्हणून तोच नकाशा शब्दांत सांगतो. तुम्ही शेजारी एक चौकटीचा कागद आणि पेन्सिल घेऊन बसा, म्हणजे वाचता वाचता तुमच्याच अंगणाचा आराखडा तयार होईल.

आधी माझी चूक सांगतो. इंदूरला आमच्या घरी पहिल्यांदा लॉन केलं तेव्हा तीन व्हॉल्व्ह मी अगदी मागच्या कोपऱ्यात, पेरूच्या झाडामागे बसवून घेतले. कारण एवढंच, की ते दिसायला नकोत. प्लंबरने विचारलंही होतं, "साहेब, इतक्या लांब?" मी म्हटलं, "असू दे." रोज संध्याकाळी पाणी सोडायचं काम आईचं. पहिला व्हॉल्व्ह उघडायचा, थोड्या वेळाने परत जाऊन तो बंद करायचा आणि दुसरा उघडायचा. म्हणजे प्रत्येक वेळी ओल्या गवतावरून चालत जायचं. एका संध्याकाळी तिचा पाय घसरला आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अरे, तुझा तो कॉक जरा दाराजवळ असता तर काय बिघडलं असतं?"

काही बिघडलं नसतं. उलट पाईपही कमी लागला असता. म्हणून आजचा विषय मी फक्त पाण्याचा मानत नाही. व्हॉल्व्ह कुठे असावा हे ठरवताना तीन गोष्टी बघायच्या: पाणी कुठून येतं, ते कुठे जायचं आहे, आणि व्हॉल्व्हला हात कोण लावणार आहे.

व्हॉल्व्ह एकच का चालत नाही?

बरेच जण विचारतात, "सगळे फवारे एकाच पाईपवर जोडले आणि एकच व्हॉल्व्ह ठेवला तर?" छोट्या तुकड्याला चालेल. पण फवाऱ्याला ठरावीक दाब लागतो आणि ठरावीक पाणी लागतं. आपल्या पंपाची ताकद मर्यादित असते. सगळे फवारे एकदम उघडले की पाणी वाटलं जातं, दाब पडतो, आणि फवारा साडेचार मीटर जायच्या ऐवजी दोन मीटरवर पडतो. मग फवाऱ्याच्या बुडाशी चिखल होतो आणि मधलं गवत पिवळं पडतं.

म्हणून लॉनचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाला एक व्हॉल्व्ह द्यायचा. एका वेळी एकच भाग चालवायचा. भाग किती, हे पंप सांगतो. ते आपण मनाने ठरवायचं नसतं.

पहिली पायरी: पंपाला विचारा

इथे एक गफलत फार जण करतात. पंपाच्या पाईपचं तोंड उघडं ठेवून बादली भरतात आणि वेळ मोजतात. आकडा छान येतो, पण तो उपयोगाचा नाही. उघड्या तोंडाशी दाब जवळजवळ शून्य असतो, आणि आपल्याला पाणी दाबाखाली हवं आहे. पंपाच्या पाटीवर जो सगळ्यात मोठा हेड लिहिलेला असतो, तोही पाणी शून्य असतानाचा असतो. दोन्ही आकडे एकदम कधीच मिळत नाहीत.

मग करायचं काय? पंपाच्या पुढे, फिल्टरनंतर, एक टी बसवा. त्यावर प्रेशर गेज लावा आणि त्याच्या पुढे साधा बॉल व्हॉल्व्ह. पंप चालू करा आणि बॉल व्हॉल्व्ह हळूहळू आवळत न्या. गेजचा काटा अडीच ते पावणेतीन बारवर स्थिर झाला की बादली लावा. बादली किती लिटरची आहे ते आधी एक लिटरच्या बाटलीने मोजून घ्या, कारण घरातल्या सगळ्या बादल्या वीस लिटरच्या नसतात.

समजा वीस लिटरची बादली 27 सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला साधारण 44 लिटर. हे सगळं वापरायचं नाही. पंप जुना होतो, व्होल्टेज पडतं, फिल्टर तुंबतो. म्हणून 80 टक्केच धरा: मिनिटाला 35 लिटर. हा तुमचा आकडा. तो कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आता गच्चीवरच्या टाकीबद्दल. पाण्याची उंची दहा मीटर असेल तर दाब साधारण एक बार मिळतो. दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी अंगणापासून सात मीटर वर असेल, तर पाऊण बारही हातात येत नाही. जमिनीतून वर येणाऱ्या साध्या स्प्रे फवाऱ्याला नीट काम करायला दोन बार लागतात. त्यामुळे नुसत्या टाकीवर असे फवारे चालवायचा हट्ट करू नका. खालच्या हौदातून पंप लावा, किंवा टाकीवर हाताने पाईप धरून पाणी द्या. आणि नगरपालिकेच्या नळावर थेट मोटार लावायला बहुतेक शहरांत मनाई आहे. ती योग्यही आहे. मोटार शेजाऱ्याचं पाणी ओढते, आणि लाईनला कुठे गळती असेल तर बाहेरची घाणही आत खेचते.

दुसरी पायरी: फवारे मांडा, पाणी जोडा

एक खरं मोजमाप घेऊ. लॉन साडेतेरा मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद. म्हणजे 121.5 चौरस मीटर. फवारे साडेचार मीटर त्रिज्येचे. नियम असा, की एका फवाऱ्याचं पाणी शेजारच्या फवाऱ्याच्या पायापर्यंत पोचलं पाहिजे. म्हणून दर साडेचार मीटरवर एक फवारा. लांबीत चार, रुंदीत तीन, एकूण बारा.

अशा फवाऱ्याला दोन बारच्या आसपास पूर्ण वर्तुळासाठी मिनिटाला सुमारे 14 लिटर पाणी लागतं, अर्ध्या वर्तुळासाठी 7 आणि पाव वर्तुळासाठी साडेतीन. आता मोजा:

कोपऱ्यांवर पाव वर्तुळाचे चार: 14 लिटर.
कडांवर अर्ध्या वर्तुळाचे सहा: 42 लिटर.
मध्ये पूर्ण वर्तुळाचे दोन: 28 लिटर.
एकूण मिनिटाला 84 लिटर.

आपल्याकडे आहेत 35. 84 ला 35 ने भागलं की 2.4 येतात. म्हणजे तीन भाग, तीन व्हॉल्व्ह. वाटणी बघा किती सोपी बसते. मधले दोन पूर्ण फवारे हा एक भाग: 28 लिटर. एका लांब बाजूचे दोन कोपरे, दोन अर्धे, आणि लागून असलेल्या आखूड बाजूचा एक अर्धा, हा दुसरा भाग: 7 अधिक 21, म्हणजे पुन्हा 28. समोरची बाजू हा तिसरा भाग: तोही 28. तिन्ही भाग सारखे, तिन्ही 35 च्या आत.

दर वेळी इतकं सुबक जमेल असं नाही. पण वाटणी करताना आणखी दोन गोष्टी बघा. सावलीतला आणि उन्हातला तुकडा एका व्हॉल्व्हवर घेऊ नका, कारण त्यांची तहान वेगळी असते. आणि फुलझाडांचं ठिबक व लॉनचे फवारे कधीही एका व्हॉल्व्हवर नको. ठिबकाला तासभर लागतो, फवाऱ्याला काही मिनिटं.

किती मिनिटं, तेही काढून टाकू. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरले तर या लॉनला साधारण 600 लिटर लागतात. मिनिटाला 28 लिटरने तिन्ही भाग मिळून बावीस मिनिटांच्या आत काम होतं, म्हणजे दर भाग सात मिनिटं. आमच्या माळव्यासारखी काळी जमीन असेल तर ती पाणी हळू पिते. तिथे सलग सात मिनिटं न देता साडेतीन मिनिटांच्या दोन फेऱ्या द्या. नाहीतर पाणी वाहून रस्त्यावर जातं.

तिसरी पायरी: व्हॉल्व्ह एकत्र की विखुरलेले?

आता मुख्य प्रश्न. पंपापासून व्हॉल्व्हपर्यंतच्या पाईपला मेन लाईन म्हणू. व्हॉल्व्हपासून फवाऱ्यांपर्यंतच्या पाईपला लॅटरल. मेन लाईनमध्ये दाब कायम राहू शकतो. लॅटरलमध्ये तो फक्त तो भाग चालू असताना येतो. व्हॉल्व्ह कुठे बसवायचा याचा विचार इथूनच सुरू होतो.

तिन्ही व्हॉल्व्ह पंपाजवळ एकत्र बसवले तर मेन लाईन आखूड राहते. जमिनीत कुठे बारीक गळती असली तरी दिवसातून सात मिनिटंच गळेल. एकच चेंबर, एकच जागा, दुरुस्ती सोपी. तोटा एवढाच, की तीन लॅटरल शेजारीशेजारी न्याव्या लागतात आणि पाईप थोडा जास्त लागतो.

व्हॉल्व्ह आपापल्या भागाजवळ विखरून बसवले तर एकच मेन लाईन सगळीकडे फिरते. पाईप वाचतो. पण ती लांब लाईन सतत दाबाखाली राहते, चेंबर तीन होतात, आणि व्हॉल्व्ह विजेचे असतील तर वायर लांब जाते.

माझा सल्ला: घराच्या एकाच बाजूला लॉन असेल तर व्हॉल्व्ह एकत्रच ठेवा. घराच्या पुढे आणि मागे अशी दोन अंगणं असतील, मध्ये घर आडवं येत असेल, तर दोन गट करा. मोठं फार्महाऊस असेल तरच विखरून बसवण्यात अर्थ आहे.

पाईपच्या जाडीत काटकसर करू नका. मिनिटाला 28 लिटर पाणी 25 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपातून वीस मीटर नेलं तर साधारण पावणेदोन मीटरचा हेड घर्षणात जातो. तेच 32 च्या पाईपातून नेलं तर अर्धा मीटरच जातो. मेन लाईन 32 ची घ्या. आणि लॅटरल भागाच्या टोकाकडून न जोडता शक्यतो मधोमध जोडा, म्हणजे दोन्ही हातांना पाणी सारखं जातं. एकाच भागातल्या पहिल्या आणि शेवटच्या फवाऱ्याच्या दाबात वीस टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

चौथी पायरी: नेमकी जागा

कागदावर आता लॉन, पंप, दार, वाट, झाडं आणि गाडीची जागा दाखवा. मग व्हॉल्व्हच्या जागेला हे प्रश्न विचारा:

एक, ओल्या गवतावर पाय न ठेवता तिथे जाता येतं का? व्हरांड्याची कड, फरशीची वाट, पोर्चची बाजू, या उत्तम जागा.

दोन, फवारा चालू असताना व्हॉल्व्ह बंद करायला गेलं तर माणूस भिजतो का? फवाऱ्याच्या टप्प्याच्या बाहेरच जागा हवी.

तीन, तिथून तो भाग दिसतो का? व्हॉल्व्ह उघडल्यावर फवारे वर आले की नाही हे उभ्याउभ्या दिसलं पाहिजे.

चार, पावसात तिथे पाणी साचतं का? अंगणाचा सगळ्यात खोलगट कोपरा व्हॉल्व्हसाठी सगळ्यात वाईट. पावसाळाभर चेंबरची विहीर होते.

पाच, वरून गाडी जाते का? प्लॅस्टिकचं झाकण गाडी पेलत नाही.

सहा, जवळ मोठं झाड आहे का? मुळं चेंबरमध्ये शिरतात आणि पाईप उचलतात. माझ्या पेरूने तेच केलं होतं.

सात, उद्या तिथे काही बांधायचं आहे का? दोन वर्षांनी पोर्च वाढवणार असाल तर आजच तेवढी जागा सोडा.

सातही उत्तरं मनासारखी आली की तिथे फुली मारा.

चेंबर आणि आतली मांडणी

चेंबरच्या तळाला सिमेंट ओतू नका. दहा सेंटिमीटर खडी पसरा, पाणी मुरून गेलं पाहिजे. व्हॉल्व्ह खडीत पुरू नका. खाली चार बोटं मोकळी ठेवा. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये पान्हा फिरेल एवढं, साधारण पंधरा सेंटिमीटर अंतर हवं. प्रत्येक व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन लावा, म्हणजे बिघडलेला व्हॉल्व्ह पाईप न कापता निघतो. व्हॉल्व्हवरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, ते बघा. हसू नका, उलटे बसवलेले व्हॉल्व्ह मी पाहिले आहेत. आणि तिघांच्या आधी एक मुख्य बॉल व्हॉल्व्ह असू द्या. तिघांपैकी एक उघडा अडकला तर हाच वाचवतो.

वाचवतो म्हणजे किती? मिनिटाला 28 लिटरने हजार लिटरचा हौद छत्तीस मिनिटांत रिकामा होतो. सकाळी उठून बघाल तर लॉनमध्ये तळं आणि नळाला पाणी नाही. ज्यांच्याकडे टँकर येतो त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

विजेचे व्हॉल्व्ह घेणार असाल तर

सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या आत रबरी पडदा असतो. पडद्याच्या वर आणि खाली पाण्याचा दाब असतो, आणि वरचं क्षेत्र मोठं असल्यामुळे पडदा बंद राहतो. कॉइलला वीज मिळाली की वरचं पाणी बारीक छिद्रातून निसटतं आणि पडदा उचलला जातो. म्हणजे उघडायची आणि बंद व्हायची खरी ताकद पाण्याच्या दाबाची असते. म्हणूनच असे बहुतेक व्हॉल्व्ह एक बारपेक्षा कमी दाबावर नीट बंद होत नाहीत. गच्चीच्या टाकीवर ते बसवून "कंपनीने फसवलं" म्हणू नका. आणि त्या बारीक छिद्रात वाळूचा एक कण अडकला तरी व्हॉल्व्ह उघडाच राहतो. बोअरचं पाणी असेल तर 120 मेशचा डिस्क फिल्टर व्हॉल्व्हच्या आधी हवाच.

हे व्हॉल्व्ह 24 व्होल्टवर चालतात. प्रत्येकाला एक वायर आणि सगळ्यांना मिळून एक सामाईक. तीन व्हॉल्व्हना चार वायर. तुम्ही सहा टाका, दोन पुढच्यासाठी. चेंबरमध्ये हातभर वायर वेटोळं करून सोडा. सांधे नुसती काळी टेप गुंडाळून करू नका, ग्रीस भरलेले पाणीरोधक कनेक्टर वापरा. ट्रान्सफॉर्मर आणि टायमर घराच्या आत ठेवा. पंपाच्या 230 व्होल्टच्या लाईनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. ते काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या; ओली जमीन आणि वीज यांत धाडस नको.

हाताने चालवणार असाल तर एक सवय घरातल्या सगळ्यांना लावा: आधी पुढचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग चालू असलेला बंद करायचा. सगळे व्हॉल्व्ह बंद आणि पंप चालू, असं झालं की पंप तापतो आणि सांधे उखडतात. बॉल व्हॉल्व्ह झटक्यात बंद करू नका, पाण्याचा धक्का पाईपला बसतो. तीन श्वास मोजत हळू फिरवा.

झाकण्याआधी

चर बुजवण्याआधी दोन कामं करा. वाट किंवा फरसबंदी ओलांडून पाईप जात असेल तिथे आधी 75 मिलिमीटरचा रिकामा पाईप टाका आणि त्यातून आपला पाईप व वायर न्या. पुढे कधी बदलायचं झालं तर फरशी फोडावी लागत नाही. आणि उघड्या चराचे मोबाईलवर फोटो काढा, शेजारी टेप ठेवून. भिंतीपासून किती अंतरावर पाईप आहे ते कागदावर लिहा. तो कागद पंपाच्या पेटीत ठेवा. पाच वर्षांनी कुदळ मारणारा माणूस तुम्हाला दुवा देईल.

तुमचे प्रश्न

बडोद्याहून एका ताईंनी विचारलं, "आमचं अंगण उताराचं आहे, मग?" उतारावर भाग आडवे पाडा, वरची पट्टी वेगळी आणि खालची वेगळी. एकाच भागात वर-खाली फवारे घेतले तर व्हॉल्व्ह बंद झाल्यावर पाईपातलं सगळं पाणी खालच्या फवाऱ्यातून गळत राहतं. खालच्या पट्टीला आतून रोधक झडप असलेले फवारे मिळतात, ते घ्या.

बेंगळुरूच्या एका काकांचा प्रश्न मनाला लागला: "पाणीच नाही, तर लॉन का करावं?" त्यांचं म्हणणं खरं आहे. मार्च 2024 मध्ये तिथल्या जलमंडळाने बागेला पिण्याचं पाणी वापरायला बंदी घातली आणि पाच हजार रुपये दंड ठेवला होता. माझं उत्तर असं: लॉन लहान करा. आणि व्हॉल्व्ह वेगवेगळे ठेवा, म्हणजे टंचाईत लॉनचे दोन भाग बंद करून झाडांचा एकच चालू ठेवता येतो. एकाच व्हॉल्व्हवर सगळं असेल तर ही निवड तुमच्या हातात राहत नाही. चेंबरमध्ये चौथ्या व्हॉल्व्हची जागा आणि बुच लावलेला एक टी आजच सोडून ठेवा. पुढे सगळं ठिबकावर न्यायचं झालं तर उपयोगी पडेल.

आमच्या घरी आता तीनही व्हॉल्व्ह व्हरांड्याच्या पायरीला लागून आहेत. नवीन चर खणायला दोन दिवस गेले आणि लॉनचा एक पट्टा पुन्हा लावावा लागला. पहिल्यांदाच कागदावर तासभर बसलो असतो तर हा खर्च वाचला असता, आणि आईचं मनगटही. ती आता पायरीवर बसून पाणी सोडते. टायमर लावू का विचारलं, तर म्हणते, "राहू दे, तेवढंच बाहेर बसणं होतं."

तुमचा आराखडा तयार झाला की एकदा घरात जो पाणी सोडणार आहे त्याला दाखवा. त्याने मान हलवली की मगच टिकाव उचला. पुढच्या भागात चर किती खोल खणायचा आणि पाईप जोडल्यावर गळती कशी तपासायची ते बघू. तोवर नमस्कार!